दहापैकी तीन

विमान पडलं असं सगळे म्हणतात. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तसंच आलं होतं, हात जोडलेल्या इमोजींच्या रांगेसकट. पण आमचं विमान पडलं नाही. पडायला आधी वर जावं लागतं, आणि आमचं विमान वर गेलंच नाही. अलास्कातल्या एका गोठलेल्या तळ्यावरून उडायच्या प्रयत्नात ते काठावर जाऊन आदळलं. तेवढ्यानं माझ्या कमरेच्या वरचा एक मणका फुटला.

हे मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या घरी, डायनिंग टेबलाशी, पाठीला उशी लावून लिहिते आहे. मध्येमध्ये उठून स्वयंपाकघरापर्यंत चक्कर मारावी लागते, नाहीतर पाठ धरते. लिहिण्यासाठी विद्यानं लकडा लावला. विद्या म्हणजे माझी इथली मैत्रीण. तिच्या ओळखीतल्या एका बाईंचं पाठीचं ऑपरेशन व्हायचं आहे आणि त्या फार घाबरल्या आहेत. "तू त्यांना जरा धीर दे," असं विद्याचं म्हणणं. धीर देणं मला कितपत जमेल कोण जाणे. पण माझ्या हातून झालेली एक चूक सांगता येईल. ती आपल्या बायकांकडून हटकून होते. पुरुषही काही मागे नाहीत.

तळं

अलास्काची हौस माझी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कुठेतरी जायचं होतं. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, गोव्याला जाऊ म्हणत होता. तो पुण्याचा. आपण होऊन गोठायला जाण्यात काय शहाणपण आहे, हे त्यानं मला वेगवेगळ्या शब्दांत बरेचदा विचारून पाहिलं. पण मी नागपूरची. आधी विदर्भाचा उन्हाळा, मग टेक्सासचा. एकदा तरी खरी थंडी अनुभवायची होती आणि आकाशातला तो हिरवा प्रकाश डोळ्यांनी बघायचा होता.

तो दिसला. वर्णन करत नाही, श्रीकांतनं फोटो सगळ्या ओळखीच्यांना पाठवलेले आहेत.

आम्ही राहत होतो ते लाकडी घर एका तळ्याकाठी होतं. तिथवर रस्ता नाही. छोट्या विमानानं थेट तळ्यावर उतरायचं. विमानाला चाकांच्या जागी स्की, लांब पट्ट्या, घसरगाडीला असतात तशा. पायलटचं नाव डेल. पांढरी दाढी, बोलणं मोजकं. निघायच्या आदल्या दिवशी ताजं हिम पडलं होतं, आणि त्या दुपारी ऊनही बऱ्यापैकी होतं. डेलनं बराच वेळ चालून चालून हिम दाबून धावपट्टी केली. मी त्याला चहा नेऊन दिला.

काय चुकलं ते त्यानंच मला नंतर समजावून सांगितलं. तळं गोठलेलं असलं तरी कधीकधी बर्फाच्या थरावर पाणी येतं, आणि ते वरच्या हिमाखाली झाकलेलं राहतं. वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं. आमची एक स्की अशाच पाणचट लगद्यात शिरली.

मला आठवतं ते एवढंच. इंजिनाचा आवाज चढला, खिडकीतून काठावरची झाडं मागे पळायला लागली, आणि मग मागून कुणीतरी पदर धरावा तसं विमान अडखळलं. ते तिरकं वळलं. काठ समोर आला. खालून असा दणका बसला की दात एकमेकांवर आपटले, आणि पाठीत काहीतरी मोडलं. भाजलेला पापड मोडतो ना, तसं.

मग एकदम शांत झालं. डेलच्या कपाळातून रक्त वाहत होतं. श्रीकांत डावा खांदा धरून कण्हत होता. डेल मागे वळला आणि म्हणाला, "यू ओके, मॅम?"

"आय अॅम फाइन," मी म्हणाले. मी ठीक आहे की नाही हे बघायच्या आधीच म्हणाले.

मी पट्टा सोडला, स्वतःच्या पायांनी खाली उतरले आणि हिमातून चालत त्या घरापर्यंत गेले. फुटलेला मणका घेऊन. आता कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. माझा कॉटनचा स्कार्फ डेलच्या कपाळाला बांधला. श्रीकांतला खुर्चीत बसवलं. डेलनं सॅटेलाइट फोनवरून मदत मागवली, तोवर मी बॅगेतला मेथीच्या लाडवांचा डबा काढून दोघांपुढे धरला. डेलनं रक्ताळलेल्या हातानं एक घेतला आणि निमूट खाल्ला. कडू आहे म्हणालासुद्धा नाही.

पायांना मुंग्या येत होत्या. मला वाटलं, थंडी.

आकडा

हेलिकॉप्टर आलं आणि आम्हा तिघांना जवळच्या गावातल्या छोट्या हॉस्पिटलात घेऊन गेलं. तिथे एक तरुण नर्स मुलगा होता, कानात बाळी, सईपेक्षा जेमतेम मोठा असेल. सई आमची मुलगी. त्यानं प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं. तुमचं किती?

अमेरिकेत ज्यांना हॉस्पिटलाचा योग आला आहे त्यांना हा प्रश्न ठाऊक असेल. भिंतीवर चेहऱ्यांचं चित्रही असतं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आमच्या घरातल्या कुणाचाही चेहरा त्यात मला सापडला नाही. आमच्या घरी दुखण्याचे दोनच प्रकार होते. शाळेत जाण्याइतपत आणि शाळेत न जाण्याइतपत. दुसरा प्रकार फारसा घडलेला आठवत नाही. आणि आईच्या तोंडून तर 'दुखतंय' हा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही. तिला काहीही विचारा, ती म्हणणार, "बरी आहे." हात भाजला तरी बरी आहे, ताप आला तरी बरी आहे.

तर तो मुलगा उत्तराची वाट बघत होता. मी मनात हिशोब केला. सईच्या वेळचं बाळंतपण दहा धरलं, तर हे त्याच्या निम्मंच म्हणायचं. त्यात शेजारी नवऱ्याचा खांदा निखळलेला, पायलटचं कपाळ फुटलेलं. त्यांच्यासमोर आपण कुठे मोठा आकडा सांगायचा? रांगेत मध्ये घुसल्यासारखं वाटलं असतं.

"तीन," मी सांगितलं.

डेलनं नऊ सांगितलं. त्याला आत नेलं. श्रीकांतनं आठ सांगितलं. त्यालाही आत नेलं. मला एक ब्लँकेट आणि कॉफी मिळाली, आणि "यू आर सो स्ट्राँग" असं प्रशस्तिपत्रही. मी बाहेरच्या खुर्चीत बसून राहिले. खरं सांगते, ते ऐकून मला बरंही वाटलं.

सईचा फोन

सई जर्सी सिटीत राहते, मॅनहॅटनला नोकरीला जाते. फायनान्सवाली आहे, डॉक्टर नव्हे. बाबांचा मेसेज बघून तिनं मला फोन केला.

"आई! आर यू हर्ट?"

"छे गं. पाठ जरा दुखतेय, एवढंच. बाबांचा खांदा मात्र..."

"बाबांचं नंतर. तुला विचारलं असेल ना, वन टू टेन? तू काय सांगितलंस?"

"तीन."



"आई, यू सर्व्ड मोदक टू द होल मंडळ विथ अ बर्स्ट अपेंडिक्स. तेव्हापण तू तीनच म्हणाली होतीस."

खरं होतं ते. गणपतीला घर माणसांनी भरलेलं होतं आणि उकड निवत होती. पानं वाढून झाल्यावर मी बाथरूममध्ये कोसळले होते. सई तेव्हा शाळेत होती. अॅम्ब्युलन्ससाठी नाइन-वन-वनला फोन तिनं केला होता.

"पाय फील होतायत?" तिनं विचारलं.

"मुंग्या आहेत. थंडीनं गं."

"सू केलीस?"

मी इकडेतिकडे बघितलं. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना मराठी येत असण्याची काडीचीही शक्यता नव्हती, तरी मी आवाज खाली आणला. "जाऊन आले बाथरूमला. पण झालीच नाही. परकी जागा ना."

"व्हॉट डू यू मीन झालीच नाही? सकाळपासून?"

"अगं, हळू बोल."

"हे तू नर्सला सांगितलंस?"

कसं सांगणार? त्या कानात बाळी घातलेल्या मुलाला?

"आई, नर्सला फोन दे."

"अगं, तो बिचारा कामात आहे, इथे बाकी लोक..."

"आई. नर्सला फोन दे."

इतकी वर्षं तिला मोठं करताना जो आवाज मी वापरला, तो तिनं माझ्यावर वापरला. मी हात वर करून त्या मुलाला बोलावलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत होता. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला, तेव्हा त्याची अडचण होऊ नये म्हणून मी उठायला लागले.

"प्लीज डोंट मूव्ह, मॅम," तो म्हणाला. त्याच्या आवाजानं मी पहिल्यांदा घाबरले.

त्यानं माणसं बोलावली. मला खुर्चीतून उचलून आडवं केलं. बूट काढले, मोजे काढले. मान जरा उचलून मी बघत होते. तो माझ्या डाव्या तळव्याला बोट लावतोय हे मला दिसत होतं. फक्त दिसत होतं.

"मला माहीत नाही"

मग सगळं भराभर झालं. स्कॅन झाला, पाठीला फळी लागली, आणि रुग्णवाहिकेच्या विमानात घालून मला मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात हलवलं. होय, पुन्हा विमान. नको म्हणायची सोय नव्हती. छताकडे बघत मी भीमरूपी म्हणत होते आणि मध्येच ओळी विसरत होते.

ऑपरेशन करणारी डॉक्टर माझ्याहून लहान होती, केसांची घट्ट वेणी घातलेली. तिनं सांगितलं की मणक्याचा तुकडा आत सरकून नसांवर दाब आला आहे. अजून काही वेळ तशीच बसून राहिले असते, तर हे बोलणं फार वेगळं झालं असतं, असंही म्हणाली.

"मी चालेन का?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "लघवीचं नियंत्रण परत येईल का, तेही आज सांगता येणार नाही. मी माझ्याकडून सगळं करीन."

पुढे बरेच दिवस या उत्तरासाठी मी तिच्यावर रागावलेली होते. आता वाटतं, खोटा धीर देणारी कुणी मिळाली असती तर जास्त राग आला असता.

वॉर्ड

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर पायाचा अंगठा हलवून बघितला. उजवा हलला. डावा हलला नाही. मी परत प्रयत्न केला, आणि मग डोळे मिटून घेतले.

हॉस्पिटलातला दिवस आपला नसतो, हे तिथे पडल्यावर लवकर कळतं. कुशीवर वळायचं तरी दोघीजणी लागायच्या, ओंडका वळवावा तसं सगळं अंग एका वेळी. लघवीची नळी होती. पिशवी पलंगाला अडकवलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. सुरुवातीला कुणी भेटायला आलं की मी चादर ओढून ती झाकायची धडपड करायचे. वळता येत नव्हतं, पण लाज शाबूत होती. पुढे तीही दमली.

मला डेनिस नावाची नर्स होती. धिप्पाड, मोठ्या आवाजाची, सगळ्यांना 'हनी' म्हणणारी. एकदा तिनं आपण होऊन माझे केस धुऊन दिले. उशीखाली प्लास्टिक पसरलं, मागे टोपली ठेवली आणि कोमट पाणी ओतत राहिली. लहानपणी रविवारी आई न्हाऊ घालायची त्यानंतर मला कुणी न्हाऊ घातलं नव्हतं. मी हमसून हमसून रडले. डेनिस पाणी जरा सावकाश ओतायला लागली.

पण तिनं आकडा विचारला की माझं आपलं "तीन". फारच झालं तर "चार". ती मशीनकडे बघायची, माझ्या मुठीत आवळलेल्या चादरीकडे बघायची आणि म्हणायची, "हनी, तुझं हृदय काही वेगळंच सांगतंय."

तोवर सई येऊन पोचली होती. तिनं समोरच्या पांढऱ्या फळ्यावर, जिथे तारीख आणि नर्सचं नाव लिहितात, तिथे खाली मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं: 'पेशंट जो आकडा सांगेल त्यात पाच मिळवा. हुकुमावरून, मुलगी.' सगळा वॉर्ड हसला. आणि खरोखर मिळवायलाही लागला. माझं दुखणं त्यामुळे बरंच आटोक्यात आलं.

डेलही भेटून गेला. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला, कपाळावर टाके. माझा लाडवांचा डबा त्याला तळ्याकाठच्या त्या घरात सापडला होता, तो घासून आणला होता. त्यानं माफी मागितली. त्या पाण्याबद्दल सगळं सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, "तुम्ही म्हणालात, मी ठीक आहे. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला."

त्याच्या बोलण्यात दोष द्यायचा सूर नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

श्रीकांत

श्रीकांतचा खांदा बसवला होता, हात गळ्यात होता. तो रोज यायचा, खुर्चीत बसायचा, नर्सशी बोलायचा, सईशी बोलायचा. माझ्याशी नाही. मला वाटलं, अलास्काचा हट्ट माझा होता म्हणून रागावला असेल. एक दिवस सई खाली जेवायला गेल्यावर मी म्हणाले, "चुकलं माझं. गोव्याला जायला हवं होतं."

"गोव्याचा काय संबंध?" तो म्हणाला. "तळ्यावर मी तुला दोनदा विचारलं, मेधा. दोनदा. तू म्हणालीस, काही नाही, लाडू खा. आणि मी खाल्ला. तू मोडलेली पाठ घेऊन माझ्यासमोर उभी होतीस आणि मी बसून लाडू खात होतो."

मी म्हणाले, "तुला काळजी नको म्हणून..."

"काळजी नको म्हणून!" त्याचा आवाज चढला. असा तो कधी ओरडत नाही. "पंचवीस वर्षं तू मला तीनच सांगत आलीस ना? तुझे बाबा गेले तेव्हा, नोकरी गेली तेव्हा, सई घर सोडून गेली तेव्हा. मी विचारायचो आणि तू म्हणायचीस, बरी आहे. ते सगळे तीन कितीचे होते?"

आपण सोसतो ते दुसऱ्यासाठी, असा माझा आजवर पक्का समज होता. आणि ज्याच्यासाठी सोसलं तोच समोर बसून रडत होता, एका हातानं चष्मा काढायला न जमून. मी हात पुढे केला आणि त्याचा चष्मा काढून दिला. तेवढ्या हालचालीनं पाठीतून कळ गेली.

"दुखलं?" त्यानं विचारलं.

"आठ," मी म्हणाले.

त्यानं बेल दाबली. डेनिस आली. श्रीकांतनं सांगितलं, आठ. तिनं फळ्याकडे बघितलं, आठात पाच मिळवले आणि डोळे मोठे केले. "थर्टीन?" अपघातानंतर आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेव्हा. हसताना दुखलं, तेही मी सांगितलं.

घर

पुढची कहाणी सावकाशीची आहे. ह्यूस्टनला आणल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा, त्यात मी कासवासारखी. आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग वॉकर धरून उभं राहायचं, मग एक पाऊल. डावं पाऊल अजूनही पूर्ण शुद्धीवर नाही. घरातल्या घरात चालते, बाहेर काठी लागते. डाव्या पायातली चप्पल सुटली तर मला कळत नाही. कुणीतरी मागून हाक मारून सांगतं.

नळी निघाली आणि पहिल्यांदा आपली आपण लघवी झाली, तो दिवस आमच्या घरात पास झाल्यासारखा साजरा झाला. मी स्वतः फोन करून विद्याला सांगितलं, अगदी मोठ्या आवाजात. ती रडायलाच लागली. मग म्हणाली, "शिरा घेऊन येऊ?" आणि घेऊन आली.

डब्यांची व्यवस्था विद्यानंच लावली होती. कुठल्या दिवशी कुणाचा डबा ते सगळं ती बघायची. माणसं फार चांगली. तासभर गाडी चालवून वरणभात आणणारी. फक्त येणारी प्रत्येक काकू दारातूनच विचारायची, "आता बरी आहेस ना?" आणि उत्तर त्या प्रश्नातच भरून दिलेलं असायचं. त्यांतल्या एकींना पहिल्यांदा मी म्हणाले, "नाही काकू, आज सहा आहे," तेव्हा त्या गोंधळल्या. हातातली कढी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "माझे गुडघे पाच आहेत. रोज." त्यांच्या सुनेला हे माहीत नव्हतं.

विद्याच्या त्या ओळखीच्या बाईंना मला एवढंच सांगायचं आहे. तुम्हाला आकडा विचारतील. कुणाशी तुलना करू नका, कुणाला वाईट वाटेल याचा विचार करू नका, बाळंतपण आठवू नका. असेल तो सांगा. आणि जे सांगायची लाज वाटेल ते सगळ्यात आधी सांगा. घाबरायचं तेवढं घाबरा, मीही घाबरले होते, अजूनही विमानाचा आवाज आला की मी टेबल घट्ट धरते.

आई

आई नागपूरला माझ्या भावाकडे असते. तिला आम्ही आधी सांगितलं होतं की बर्फात पाय घसरला, पाठीला मुका मार लागला. व्हिडिओ कॉलवर मी फोन तोंडाजवळ धरायचे म्हणजे पट्टा दिसणार नाही. उभी राहता यायला लागल्यावर सगळं खरं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेव्हाच नाही सांगितलं का?"

"तुला काळजी नको म्हणून," मी म्हणाले. वाक्य तोंडातून गेल्यावर माझं मलाच हसू आलं आणि रडूही.

मागच्या रविवारी नेहमीसारखा फोन केला. आई पलंगावर बसलेली, पण एका बाजूला झुकून. एक हात कमरेखाली दाबून धरलेला.

"काय करून राहिली?" तिनं विचारलं.

"बसले आहे. पाठ आज चार. तू कशी आहेस?"

"मला काय होते? बरी आहे."

"मग अशी तिरपी काय बसलीस?"

"काही नाही नं. परवा बाथरूमात जराशी घसरली. होते बरं आपोआप."

"दादाला सांगितलंस?"

"त्याचं ऑडिट सुरू आहे. कशाला उगाच त्याला."

मी खुर्चीतून उठले. का उठले माहीत नाही, तिथून काही नागपूर जवळ येणार नव्हतं. "आई, शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं. तुझं किती?"

"अगं बाई, आता म्हातारपणी परीक्षा घेते का माझी?"

"सांग ना. किती?"

"दोन-तीन असेल."

फोनमधून तिच्याकडे नुसती बघत राहिले. तिनं नजर चुकवली, पदर सारखा केला, मग पंख्याकडे बघितलं.

"आठ," आई म्हणाली. इतक्या हळू, की पलीकडच्या खोलीत ऐकू जाऊ नये.

"दादाला फोन दे."

"तो कामात आहे गं."

"आई. दादाला फोन दे."

फोन हलला. भिंत दिसली, छत दिसलं, मग पलंगावरची चादर. आई दिसत नव्हती. पण तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, दादाला हाक मारणारा.

"अरे, इकडे ये जरा. मला फार दुखून राहिलं आहे."